मूतखडा निघाला, आता पुढे काय? पुन्हा खडा होऊ नये म्हणून क्रमाने करायच्या गोष्टी

आमच्या घरी काचेच्या कपाटात सात वर्षे एक छोटी प्लॅस्टिकची बाटली ठेवलेली होती. २०१२ साली माझ्या उजव्या मूत्रपिंडातून दुर्बिणीने काढलेल्या खड्याचे तुकडे तिच्यात होते. रुग्णालयातून निघताना ते माझ्या हाती दिले गेले, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती बाटली हलवून दाखवत असे. ते तुकडे प्रयोगशाळेत तपासायचे असतात हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. २०१७ मध्ये दुसरा खडा आपोआप पडला आणि वाहून गेला. २०१९ मध्ये डाव्या मूत्रवाहिनीत तिसरा अडकला, तेव्हा नव्या डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले, "आधीच्या दोन खड्यांचे रिपोर्ट कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी डॉक्टर नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. ज्यांचा पहिला किंवा दुसरा खडा नुकताच निघाला आहे आणि ज्यांना "भरपूर पाणी प्या, टोमॅटो खाऊ नका" एवढाच सल्ला मिळाला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी करायच्या, एवढे कळले तरी डॉक्टरांशी बोलणे सोपे होते. औषधाचा निर्णय मात्र त्यांचाच असावा.

आधी समजून घ्या: खडा परत का येतो

खडीसाखर कशी करतात ते आठवा. साखरेचा दाट पाक करून त्यात दोरा सोडतात, आणि तो न हलवता ठेवला की दोऱ्याला खडे धरू लागतात. पाक पातळ असेल तर दोरा असूनही काही होत नाही. मूत्रपिंडात साधारण असेच घडते. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक ॲसिड हे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडले किंवा यांपैकी एखादा पदार्थ प्रमाणाबाहेर वाढला की ते विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत आणि त्यांचे स्फटिक होऊ लागतात. दोऱ्याचे काम करणाऱ्या जागाही बऱ्याच जणांच्या मूत्रपिंडात असतात. आतल्या टोकांवर कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक पांढरे थर जमतात. अलेक्झांडर रँडल या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी १९३७ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना रँडल प्लाक म्हणतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे बरेचसे खडे अशा थरांना धरूनच वाढतात.

शस्त्रक्रियेत खडा निघतो. पाक तेवढाच दाट राहतो आणि दोरेही जागेवर राहतात. म्हणूनच एकदा खडा झालेल्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत पुन्हा खडा होतो. मला पाच वर्षांत झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांत पुन्हा.

१. खडा खरोखर पूर्ण निघाला का, याची खात्री करा

"परत आलेला" खडा पुष्कळदा नवा नसतोच. लिथोट्रिप्सीने, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन, खडा फोडला किंवा दुर्बिणीतून लेझरने त्याचा चुरा केला की काही बारीक कण आत, विशेषतः मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात, राहू शकतात. त्या कणांभोवती वर्ष-दोन वर्षांत नवा थर चढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून "आत काही शिल्लक आहे का आणि किती मिलिमीटर" हे लेखी घ्या. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला, असे गृहीत धरू नका. मूत्रपिंडात स्वस्थ पडून असलेला खडा दुखत नाही.

इथला सर्वांत धोकादायक सापळा स्टेंटचा आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची बारीक नळी ठेवतात. ती तात्पुरती असते आणि काही आठवड्यांनी काढावी लागते. त्रास थांबल्यावर लोक ती विसरतात, गावी निघून जातात, आणि वर्षभराने त्या नळीवरच खड्याचे जाड कवच चढलेले आढळते. मग नळी काढण्यासाठीच मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि कधी मूत्रपिंडही गमवावे लागते. डिस्चार्ज कार्डावर "स्टेंट" हा शब्द शोधा. तो असेल तर काढायची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवा.

२. खडा तपासायला पाठवा

सर्व खडे सारखे नसतात आणि एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकारात नुकसान करू शकतो. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्याखेरीज कॅल्शियम फॉस्फेटचे, युरिक ॲसिडचे, जंतुसंसर्गामुळे होणारे स्ट्रुव्हाइटचे आणि अगदी क्वचित, आनुवंशिक दोषामुळे होणारे सिस्टिनचे खडे असतात. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करून औषधाने विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, कोणी काहीही सांगितले तरी, औषधाने विरघळत नाही. एवढा एकच फरक माहीत असला तरी पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचतो.

खडा आपोआप पडेल असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर तोपर्यंत प्रत्येक वेळी लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा. चहाची जुनी गाळणी चालते; ती या कामापुरती वेगळी ठेवा. सापडलेला खडा तांदळाच्या कणीएवढा दिसला तरी फेकू नका. साध्या पाण्याने धुवा, कागदावर पूर्ण वाळवा आणि कोरड्या डबीत ठेवा. फॉर्मॅलिन किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका. चिकटपट्टीने कागदाला चिकटवूही नका, कारण चिकटपट्टीचा गोंद तपासणीत अडथळा आणतो. शस्त्रक्रिया होणार असेल तर आधीच सांगा: "खड्याचे तुकडे तपासणीसाठी हवे आहेत."

प्रयोगशाळेत इन्फ्रारेड पद्धतीने होणारी तपासणी मागा. मोठ्या प्रयोगशाळा तालुक्याच्या ठिकाणच्या संकलन केंद्रातूनही नमुना घेतात. कोरडा ठेवलेला जुना खडाही तपासता येतो. माझ्या कपाटातली बाटली शेवटी सात वर्षांनी प्रयोगशाळेत गेली आणि कॅल्शियम ऑक्झलेट असे उत्तर आले. ते उत्तर मला २०१२ मध्येच मिळू शकले असते.

३. रक्ताच्या तपासण्या

कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट एवढ्या तपासण्या साधारणपणे पुरतात. रक्तातले कॅल्शियम वरच्या मर्यादेजवळ किंवा तिच्यापलीकडे असेल, तर पीटीएच या संप्रेरकाची तपासणी करण्याबद्दल अवश्य विचारा. मानेत, थायरॉइडच्या मागे, चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात; पीटीएच त्यांतूनच येते. त्यांपैकी एक जरी बेसुमार काम करू लागली तरी हाडांतले कॅल्शियम रक्तात आणि रक्तातले लघवीत उतरत राहते. अशा माणसाचे खडे कितीही वेळा काढले तरी ती ग्रंथी सापडेपर्यंत ते होतच राहतात.

याच जागी ड जीवनसत्त्वाबद्दल सांगतो. आठवड्याला एक याप्रमाणे घ्यायची साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते, आणि माणसे ती वर्षभर घेत राहतात. अतिरिक्त ड जीवनसत्त्वाने कॅल्शियम वाढते. तुम्ही ती घेत असाल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

४. चोवीस तासांची लघवी गोळा करा

माझ्या दृष्टीने सर्व तपासण्यांत हीच सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही हिच्यातच होतात. वारंवार खडे होणाऱ्या प्रत्येकाने ती करावी. पहिलाच खडा असेल, पण वय कमी असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा घरात इतरांना खडे झाले असतील, तरीही करावी. लघवीत दिवसभरात किती कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड, सायट्रेट (स्फटिक होऊ न देणारा पदार्थ) आणि सोडियम गेले, हे तिच्यातून कळते.

पद्धत अशी. समजा तुम्ही सकाळी सात वाजता सुरुवात करणार आहात. सातची लघवी शौचालयात करा, ती धरायची नाही. फक्त वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दिवसाची आणि रात्रीची, डब्यात गोळा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवी मात्र डब्यात घ्या आणि तिथे थांबा. मधली एकही चुकली तर हिशेब बिघडतो. चुकली असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगा आणि पुन्हा सुरुवात करा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा, म्हणजे शरीर रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर टाकते त्या पदार्थाचा, आकडा असतो. गोळा करणे अपुरे झाले का, हे डॉक्टरांना त्यावरून समजते.

डब्यात कधी कधी आम्ल घातलेले असते. ते ओतून टाकू नका, त्याला हात लावू नका, आणि थेट डब्यात लघवी करू नका. वेगळ्या मगमध्ये घेऊन हळूच ओता. डबा थंड जागी ठेवा. काही ठिकाणी केवळ छोट्या बाटलीतला नमुना मागतात. अशा वेळी आधी एकूण लघवी मिलिलिटरमध्ये मोजून तो आकडा अर्जावर लिहिला गेला आहे ना, हे पाहा, कारण त्याच्याशिवाय पुढचे सर्व आकडे निरर्थक असतात.

दिवस निवडताना रोजच्यासारखा दिवस निवडा. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी चार लिटर पाणी पिणे किंवा पथ्याचे जेवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. मी नोकरीवरचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस अशा दोन वेळा गोळा केली आणि दोन्ही रिपोर्टांत मोठा फरक निघाला. शस्त्रक्रियेनंतर किंवा जंतुसंसर्ग झाला असल्यास साधारण महिना-दीड महिना थांबावे.

माझ्या शाळेच्या दिवसाचा रिपोर्ट असा होता: एकूण लघवी १,०५० मि.लि., सोडियम २२१ मिलिमोल, सायट्रेट कमी, कॅल्शियम आणि ऑक्झलेट मर्यादेत. ज्या ऑक्झलेटच्या भीतीने मी सात वर्षे टोमॅटो खाल्ला नाही, ते वाढलेलेच नव्हते.

५. किती पाणी प्यायलात यापेक्षा किती लघवी झाली ते मोजा

दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी, हे उद्दिष्ट आहे. त्यासाठी किती पाणी प्यावे याचा एकच आकडा सांगता येत नाही, कारण घामावाटे किती जाते ते माणसावर, कामावर आणि ऋतूवर अवलंबून असते. वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याला तीन लिटर पुरतील. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा शेतात निंदणी करणाऱ्या बाईला किंवा एसटीच्या वाहकाला तेवढ्यात काहीच होणार नाही. आखातात बांधकामावर किंवा वाहनचालक म्हणून असलेल्या आपल्या माणसांनाही हे तितकेच लागू आहे.

पाण्याचा उपयोग होतो, याचा चांगला पुरावा इटलीतल्या एका अभ्यासात मिळतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला लघवी दोन लिटरांच्या वर राहील इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या २७ जणांना. यासाठी खर्च काही नाही, अडचण फक्त रोज टिकवण्याची आहे.

एका रविवारी खुणा असलेले एक लिटरचे प्लॅस्टिकचे भांडे शौचालयात ठेवा आणि दिवसभर मोजा. मी मोजले तेव्हा मला धक्का बसला. तीन लिटर पाणी पितो या समजुतीत मी वर्षे काढली होती. त्यानंतर मी दिवसाचे तीन भाग केले. उठल्यापासून शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत एक लिटर, तिथून घरी येईपर्यंत एक, आणि संध्याकाळपासून झोपेपर्यंत एक. उन्हाळ्यात प्रत्येक भागात अर्धा लिटर जास्त. टेबलावर लिटरची बाटली दिसत राहिली की विसर पडत नाही. एकदम लिटरभर पाणी पिऊन पुढचे पाच तास कोरडे राहण्याचा उपयोग नाही, कारण मधल्या वेळात लघवी पुन्हा दाट होते. रात्री ती सर्वांत दाट असते. झोपताना एक पेला प्या, आणि रात्री लघवीला उठलात तर परतताना अर्धा पेला.

लघवीचा रंग फिकट पिवळा किंवा जवळपास पाण्यासारखा असावा. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर मात्र रंगावर विसंबू नका. त्यांनी तो गडद पिवळा होतो.

एक गोष्ट कळकळीने लिहितो. माझ्या कितीतरी सहकारी शिक्षिका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शाळेतले स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसते. बाजारात बसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आणि पोलीस बंदोबस्तावर असणाऱ्या स्त्रियांची हीच कथा आहे. त्यांना "पाणी जास्त प्या" असे सांगणे पुरेसे नाही. तुम्ही मुख्याध्यापक असाल, ग्रामपंचायतीत असाल, दुकानाचे मालक असाल, तर कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह देणे हा मूतखड्यावरचा प्रतिबंधक उपायच आहे.

हृदयविकार, पायांवर सूज किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर हा सगळा भाग तुमच्यासाठी नाही. त्यांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नका.

बोअरच्या जड पाण्याने खडे होतात, हा समज आमच्या भागात घट्ट आहे. पाण्याच्या जडपणाचा खड्यांवर फारसा परिणाम होत नाही. पाणी कमी पडण्याचा होतो. महागडे शुद्धीकरण यंत्र केवळ मूतखड्याच्या भीतीने घेऊ नका.

६. मीठ कमी करा

हे मला सर्वांत उशिरा कळले, आणि माझ्या बाबतीत मोठा दोष इथेच होता. मिठातले सोडियम लघवीवाटे बाहेर पडताना कॅल्शियमलाही बरोबर ओढून नेते, आणि सायट्रेट कमी करते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. म्हणजे एक सपाट चमचाभर, तेही सर्व पदार्थांत मिळून.

तुमच्या रिपोर्टमधला सोडियमचा मिलिमोलमधला आकडा १७ ने भागा. त्या दिवशी तुम्ही साधारण किती ग्रॅम मीठ खाल्ले ते कळते. माझे २२१ भागिले १७, म्हणजे १३ ग्रॅम. मी वरून मीठ कधी घेत नाही, त्यामुळे हे मला खोटेच वाटले. मग मी आणि पत्नीने बसून त्या दिवसाचे ताट आठवले: सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी डब्यात ठेचा आणि लोणचे, चार वाजता शिक्षक खोलीत फरसाण, रात्री शेवभाजी आणि दोन उडदाचे पापड. मिठाच्या बरणीला हात न लावताही एवढे होते. ब्रेड, बिस्किटे, सॉस आणि तयार नूडल्स ही त्यात भर. पत्नीने शेवभाजी महिन्यातून दोनदा आणि लोणचे सणापुरते केले. पहिले तीन आठवडे जेवण अळणी लागले, नंतर जीभ सरावली.

सैंधव आणि काळे मीठ यांनी फरक पडतो असे समजू नका. त्यांतही सोडियमच असते.

७. दूध बंद करू नका, ऑक्झलेट जेवणातच अडवा

खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध, दही बंद करा, हा सल्ला आजही दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. ऑक्झलेट आणि कॅल्शियम आतड्यात एकत्र आले तर तिथेच एकमेकांना धरतात आणि मलावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि लघवीत उतरते. इटलीतच २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लघवीतले कॅल्शियम जास्त असलेल्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, आणि ६० जणांना नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या १२ जणांना.

दिवसाला १,००० ते १,२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आहारातून मिळावे. शंभर मिलिलिटर दुधात साधारण १२० मि.ग्रॅ. असते. दोन्ही जेवणांत वाटीभर दही किंवा पेलाभर ताक असू द्या. ताकात मीठ नको, जिरेपूड चालेल. कॅल्शियमची गोळी हाडांसाठी लिहून दिली असेल तर रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवणाबरोबर घेण्याबद्दल विचारा.

ऑक्झलेट सर्वांत जास्त कशात असते? पालक, अळू, चुका, चाकवत, माठ, बीट, राजगिरा, बदाम, काजू, शेंगदाणे, तीळ आणि चॉकलेट. अळू नीट शिजले नाही की घसा खवखवतो, तो ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळेच. पालेभाजी पाण्यात उकळून ते पाणी फेकले की बरेचसे ऑक्झलेट कमी होते. टोमॅटो आणि वांगे या यादीत वरच्या जागी नाहीत. टोमॅटोच्या बियांचा खडा होतो, या समजाला तर काहीच आधार नाही.

उपवासाचा मात्र गंभीरपणे विचार करा. श्रावणात किंवा नवरात्रात दिवसभराचे खाणे काय असते? शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, आणि वर तीन-चार कप चहा. ऑक्झलेट भरपूर, कॅल्शियम थोडे, पाणी नेहमीपेक्षा कमी. श्रद्धा सोडण्याची गरज नाही. दही आणि दूध वाढवा, भगर आणि फळे घ्या, कूट निम्मे करा. निर्जळी उपवास मात्र खडे होणाऱ्या माणसाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांसाहार करत असाल तर प्रमाण आवरा. मटण, चिकन, मासे, अंडी यांच्या अतिरेकाने लघवी आम्लधर्मी होते, युरिक ॲसिड वाढते आणि सायट्रेट घटते. व्यायामशाळेत मिळणाऱ्या प्रथिनांच्या पावडरीबद्दल डॉक्टरांना विचारा. वरण आणि उसळी टाळण्याचे सहसा कारण नसते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या रोज घेऊ नका, शरीरात त्याच्या काही भागाचे ऑक्झलेट होते.

८. लिंबू आणि औषधे

पाक आळू नये, त्याची साखर होऊ नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लघवीत कारण वेगळे असले तरी परिणाम तसाच आहे: लिंबातल्या सायट्रेटसारखेच सायट्रेट लघवीत असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि स्फटिक होऊ देत नाही. दिवसभरात दोन लिंबांचा रस पाण्यात घेणे चांगले. पण मीठ आणि चार चमचे साखर घातलेले सरबत हा त्याला पर्याय नाही, आणि बाटलीबंद शीतपेये तर नाहीतच.

सायट्रेट फारच कमी असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. इथे दोन सापळे आहेत. औषधाच्या दुकानात लघवीच्या जळजळीसाठी सहज मिळणारी बरीच पातळ औषधे डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटची असतात. नाव मिळतेजुळते असले तरी त्यांतून सोडियम पोटात जाते. लेबल वाचा आणि लिहून दिले तेच घ्या. दुसरे, मूत्रपिंडाचे काम मंद असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते. म्हणून हे औषध स्वतःच्या मनाने कधीही सुरू करू नये, आणि चालू असताना रक्त तपासत राहावे. लघवीची आम्लता जास्तच कमी झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल आणि लघवीतल्या कॅल्शियमसाठी थायाझाइड गटातली औषधे वापरतात. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायाझाइडने पुन्हा खडा होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही, त्यामुळे ते कोणाला द्यावे यावर डॉक्टर आता अधिक विचार करतात.

पानफुटीची पाने, कुळथाचे कढण, मक्याच्या केसांचा काढा, शहाळे, बीअर: हे सर्व तुम्हाला कोणीतरी सुचवणारच. कढण आणि शहाळ्याने पोटात पाणी जाते, तेवढा लाभ खरा. मात्र पाच मिलिमीटरपेक्षा लहान बहुतेक खडे आपोआपच पडतात. त्या आठवड्यात जे घेतलेले असते त्याला श्रेय मिळते. बीअर औषध म्हणून पिऊ नका. घटक लिहिलेले नसलेली पुडी कोणाकडूनही घेऊ नका.

९. एक फाईल करा, आणि कधी थांबायचे नाही ते ओळखा

फाईलमध्ये एवढे हवे:

- खड्याचा तपासणी अहवाल
- प्रत्येक शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, स्टेंटच्या नोंदीसह
- सोनोग्राफीचे सर्व अहवाल तारखेनुसार, आणि सीटी स्कॅनची सीडी
- चोवीस तासांच्या लघवीचे आणि रक्ताचे अहवाल
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसह
- शिधापत्रिका आणि ओळखपत्राच्या प्रती, आरोग्य विम्याची कागदपत्रे

विम्याबद्दल एक सूचना: अनेक पॉलिसींमध्ये मूतखड्याच्या उपचारासाठी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो. पॉलिसी घेताना तो वाचा आणि आधीचा खडा लपवू नका, नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा.

आहार किंवा औषध बदलल्यावर सहा महिन्यांच्या आत चोवीस तासांची लघवी पुन्हा तपासा, नंतर वर्षाला एकदा. सोनोग्राफीही साधारण वर्षाने. अहवालात दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका लिहिलेला दिसला की घाबरू नका. एवढे लहान खडे सोनोग्राफीत नेमके मोजता येत नाहीत, आणि काही वेळा ते खडे नसतातही. मागच्या अहवालाशी तुलना करा.

कुशीत कळ आली आणि सोबत थंडी वाजून ताप असेल, लघवी पूर्ण बंद झाली असेल, उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर काढा किंवा वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात जा. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग साचला तर काही तासांत जिवावर बेतते.

पाणी आणि मीठ बदलल्यानंतरच्या माझ्या रिपोर्टमध्ये लघवी २,४०० मि.लि. झाली होती आणि सोडियम ११८ वर आले होते, म्हणजे अजून सात ग्रॅम मीठ पोटात जात होते. डाव्या मूत्रपिंडातला तीन मिलिमीटरचा एक ठिपका २०२१ पासून आहे, आणि गेल्या सोनोग्राफीतही तो तीनच मिलिमीटर होता. पुढची तारीख होळीनंतरच्या आठवड्यातली घेतली आहे, उन्हाळा तापायच्या आत.